हात खाली येईपर्यंत

५ ऑगस्ट १९५७, तुंगार्ली

सकाळी ९८.६, संध्याकाळी ९९. इंजेक्शन अठ्ठेचाळिसावं.

तळेगावच्या डॉक्टरांनी ही वही ताप लिहायला सांगितली. रोज दोन आकडे लिहून बाकीचं पान कोरं ठेवायचं हे मला जमणार नाही. कागद वाया घालवलेला माझ्या वडिलांना, अण्णांना, खपत नसे. म्हणून खाली दिवसाचं थोडं लिहीन. डॉक्टरांकडे जाताना आकडे वेगळ्या कागदावर उतरवून नेईन.

आज बालवर्गाचा पहिला दिवस. इंदिराबाईंच्या बंगल्याची मागची खोली, वर पत्रा, कोपऱ्यात त्यांच्या यजमानांचा पियानो. यजमान रेल्वेत मोठे अधिकारी होते. ते गेल्यावर बाईंनी हा वर्ग काढला. मुलं चौदा. निम्मी रेल्वे क्वार्टर्समधली नि बंगल्यांतली, निम्मी तळ्यावरच्या वाडीतली. बाईंचं म्हणणं असं की पाश्चात्त्य संगीताचे इटालियन शब्द मुलांच्या कानावर लहानपणीच पडावेत, आणि तेही खेळातून. पुढे कोणी विलायतेच्या परीक्षेला बसलं तर पाया झालेला असेल. वाडीतल्या मुलांना त्याचा काय उपयोग, हे मी विचारलं नाही. मला तरी कुठे उपयोग ठरवून कोणी शिकवलं होतं? अण्णा मूकपटाच्या थिएटरात पडद्यापुढे व्हायोलिन वाजवत. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. आई भाकरी थापायला बसली की अण्णा म्हणायचे, ऐक, हे स्ताकातो, तुटक तुटक. ती बरणीत तेल ओतायला लागली की म्हणायचे, हे लेगातो, अखंड.

अण्णा ज्या छातीच्या दुखण्यानं गेले तेच मला झालं आहे, हे इंदिराबाईंना सांगितलेलं नाही. माझ्यापासून आता कोणाला धोका नाही असं डॉक्टरांनी थुंकी तपासून लिहून दिलं आहे. तो कागद पेटीत आहे. तरी मी माझा पेला वेगळा ठेवते आणि माझ्याकडचा वारा मुलांकडे जाणार नाही अशी खिडकीशी बसते. एकाही मुलाला माझ्यामुळे काही झालं तर मला जगता येणार नाही.

झोपण्याआधी अण्णांचा नादकाटा लावला. दोन पायांचा साधा पोलादी काटा. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की एकच स्वर बराच वेळ ऐकू येतो. विरेपर्यंत मोजायची माझी लहानपणची सवय. बेचाळीस अंक.

१२ ऑगस्ट

९८.४, ९८.८. इंजेक्शन ५५.

आठवड्यात चार खेळ बसवले. पियानो म्हणजे हळू, घरात मांजर निजलंय, त्याला जाग न आणता चालायचं. फोर्ते म्हणजे घाट चढणारं इंजिन. ताचेत म्हणजे मूठ ओठांवर, काही झालं तरी आवाज नाही. फेर्माता मुलांना सगळ्यांत आवडला. मी हात वर केला की जो जसा असेल तसा थिजायचा, आणि माझा हात खाली येईपर्यंत हलायचं नाही.

मांजराच्या खेळात मांजर मीच. डोळे मिटून पाठ करून बसते, मागे खडू ठेवते. मुलांनी एकेकटं येऊन तो उचलायचा. मला चाहूल लागली की मी म्यांव म्हणते नि ते मूल बाद. आज चौदाच्या चौदा बाद. नवशाच्या नाकाचा आवाजच दारापासून येतो.

नवशा पाच वर्षांचा. त्याची बहीण बाया आठ वर्षांची आहे. ती खरं तर बालवर्गाची नाही, पण नवशाला आणायला येते नि बसते. त्यांची आई भागूबाई बंगल्यावर भांडी-धुणं करते. बायाच्या पायांत चांदीचे वाळे आहेत, घुंगरं असलेले. ते काढून ठेव म्हटलं तर निघत नाहीत म्हणाली, लहानपणी घातलेत. म्हणजे तिला हा खेळ कधीच जिंकता यायचा नाही.

एक नियम मी वेगळा घातला आहे. खेळात कोणाला खरोखर काही झालं, पडलं, लागलं, तर 'फोर्ते' असं जोरात ओरडायचं. मग खेळ तिथेच थांबला, ताचेत असो की काही असो, मी आलेच. नवशानं दहा मिनिटांत दोनदा फोर्ते केलं. एकदा मुंगळा चावला म्हणून, नि एकदा चावला नाही म्हणून.

१९ ऑगस्ट

९८.४, ९८.६. इंजेक्शन ६२.

आज माझ्याकडून चूक झाली. फेर्माताचा हात वर केला नि इंदिराबाईंनी हाक मारली. तशीच उठून गेले. पाव तासानं आले तर बाकीची मुलं पांगलेली आणि बाया एका पायावर उभी. घामानं डबडबली होती. मी म्हटलं, अगं, बसायचं नाही का? ती म्हणाली, "हात खाली कुटं केला तुमी?"

संध्याकाळी भागूबाईंनी भांडी घासता घासता विचारलं, "बाई, ही फेरमाता कंची देवी वो? पोरगी घरी बी एका पायावर हुबी ऱ्हाती. म्या म्हनलं नवस बोलली का काय."

मी हसले, पण मनाला लागून राहिलं. एवढ्या ऐकणाऱ्या मुलीला फार जपून सांगायला हवं.

११ सप्टेंबर

९८.४, ९८.४. इंजेक्शन ८५.

ताप गेला. वजन तीन पौंड वाढलं. जिना उतरताना मात्र पाय भलतीकडे पडतो, भिंत धरावी लागते. अशक्तपणा.

रातकिडे यंदा दिवसाही ओरडतात. वर्ग चालू असतानाही ती किरकिर थांबत नाही. नादकाट्याला तांब आली असावी, इथली हवा फार दमट. चौतीस अंक मोजले नि स्वर विरला. तेलाचा हात दिला.

२८ सप्टेंबर

तळेगावला जाऊन आले. नव्वद इंजेक्शनं पुरी झाली. डॉक्टर म्हणाले, आता सुई बंद, नुसत्या गोळ्या नि पुड्या चालू ठेवा. मग नेहमीचे प्रश्न. खोकला? नाही. रात्री घाम? नाही. कानांत आवाज वगैरे? नाही. चक्कर? थोडी होती, पण त्यांच्या मागे रांग केवढी. नाही म्हटलं. ते खोटं झालं. पुढच्या वेळी सांगेन.

७ ऑक्टोबर

९८.४, ९८.६.

नवशा खोकतो आहे. चार दिवस झाले. खोकून खोकून तोंड लाल होतं नि शेवटी ओकतो. मी त्याच्या शेजारी किती वेळ बसले होते ते आठवून पाहिलं. सप्टेंबरात एकदा त्याचं नाक माझ्या पदरानं पुसलं होतं.

भागूबाई म्हणाल्या, "डांग्या हाय बाई. वाडीत समदी पोरं खोकत्यात नवरात्रापास्नं. जाईल."

त्यांना काय कळणार? त्यांना माझं काहीच माहीत नाही.

९ ऑक्टोबर

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज बाजारातल्या दवाखान्यात गेले. दत्तोबा कंपाउंडर जूनपासून मला सुई देतात. त्यांना म्हटलं, डॉक्टरांनी आणखी चालू ठेवायला सांगितलंय. त्यांनी चिठ्ठी मागितली. मी जुनीच पुढे केली, तारखेवर अंगठा ठेवून. दत्तोबांनी चष्मा वर केला नि म्हणाले, "अहो बाई, लोक सुई चुकवायला पळतात, तुम्ही मागून घेताय. बसा."

दिवसाआड घ्यायची ठरवली. आयुष्यात अशी फसवणूक पहिलीच. पण ती माझ्यासाठी नाही. माझ्या छातीत काही उरलं असेल तर ते मुलांपर्यंत जाण्याआधी मरायला हवं. इंजेक्शन ९१.

१४ नोव्हेंबर

९८.४, ९८.४. इंजेक्शन १०९.

आज लिहायला आनंद वाटतो. नवशाचा खोकला गेला, आणि मुलांना पियानिसिमो आलं. अगदी हळू, श्वासाएवढं. दिवाळीच्या सुटीनंतर मांजराचा खेळ घेतला नि आठ मुलांनी खडू नेला. मला सुगावाही लागला नाही. ऑगस्टात याच मुलांच्या पावलांनी पत्रा हादरायचा.

इंदिराबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वासंती, तू मुद्दाम सोडतेस का त्यांना?"

म्हटलं, "नाही हो. खरंच शिकलीत."

त्यांनी दारातून एक पाऊल आत टाकलं. मग म्हणाल्या, "आणि हळू बोल जरा. मी इथेच आहे."

नादकाटा वीस अंक. बहुतेक कुठेतरी बारीक चीर गेली असावी.

२२ नोव्हेंबर

इंजेक्शन ११३.

बायानं खडू नेला. वाळे पायांत असताना. मी डोळे उघडले तर ती पुढ्यात उभी, हातात खडू. कशी आलीस, विचारलं. "चालत," म्हणाली. एवढी घुंगरं पायांत असून एकही वाजू दिलं नाही म्हणजे काय साधना म्हणायची. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

पण जिंकल्याचा आनंद तिला झालेला दिसला नाही. पुन्हा बसा म्हणाली. पुन्हा पाठ करून बसले. पुन्हा खडू गेला. तिसऱ्यांदा मागे जमीन हादरल्यासारखी वाटली म्हणून वळले, तर ती दोन्ही पायांनी फरशीवर उड्या मारत होती नि बाकीची मुलं गप्प होऊन माझ्याकडे बघत होती. हे खेळाच्या नियमात नाही असं तिला समजावलं. ती रडायला लागली. जिंकल्यावर मुलं का रडतात, कोण जाणे.

१० डिसेंबर

९८.४, ९८.४. इंजेक्शन १२२.

बायाला एक खोड लागली आहे. माझ्या शेजारीच बसते नि सारखा पदर ओढते. ओढला की मी वळते, तेव्हा कोणीतरी दारात उभं असतं, किंवा एखादं मूल बोट वर करून असतं. चार वेळा रागावले. सुटत नाही.

बाकीच्यांनीही खेळ भलताच वाढवला आहे. पाणी प्यायला जायचं तर बोलत नाहीत, ओंजळ दाखवतात. जोरात म्हणायचं असेल तर इंजिनाचे हात करतात. आणि एक नवीनच, नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. शालू तर तोंड एवढं मोठं उघडते नि आतून काही नाही. मुकं फोर्ते. शालू रेल्वे क्लार्कची मुलगी, तिच्या घरी बोभाटा झाला तर? मी आज ठणकावून सांगितलं की जो ओठ हलवून दाखवील त्याच्याकडे मी लक्ष देणार नाही.

इंदिराबाईंशी, दत्तोबांशी बोलताना काही अडत नाही. मोठी माणसं नीट बोलतात. मुलांनाच शिस्त लावायला हवी.

९ जानेवारी १९५८

नवशा गेला. तळ्यात.

११ जानेवारी

ताप घेतला. ९८.४. का घेतला माहीत नाही.

चौकीवरच्या जमादारांना जे सांगितलं ते इथे लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही राहिलं असेल तर सापडेल.

परवा, गुरुवारी, मुलांना तळ्यावर नेलं होतं. ऊन छान होतं, वारा होता. बांधापासून दूर, करंजाच्या झाडाशी बसलो. आधी क्रेशेंडो घेतला, गाडी बोगद्यातून जवळजवळ येते तसा आवाज वाढवत न्यायचा. मग ताचेत. मी झाडाकडे तोंड करून शंभर मोजायचे, तोवर कोणी आवाज करायचा नाही. पाण्याकडे जायचं नाही हे तीनदा सांगितलं होतं. नवशाकडून वदवून घेतलं होतं.

मोजायला लागले. एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. पानसुद्धा वाजत नव्हतं. अण्णा असते तर म्हणाले असते, ही खरी विश्रांती, वादकाला हीच अवघड. मला अभिमान वाटला. हेही लिहिते.

साठाच्या सुमारास बायानं पदर ओढला. वळून पाहिलं. तिचं तोंड आ वासलेलं, पण आवाज नाही. एक हात मागे तळ्याच्या बाजूला. तोच डिसेंबरातला खेळ. मला राग आला की इतक्या सुंदर ताचेतमध्ये हिनं खोडी काढावी. मी हात वर केला. ती होती तशी थिजली. मी पुन्हा झाडाकडे तोंड केलं नि उरलेले चाळीस मोजले.

वळले तेव्हा बाया तशीच उभी होती, हात तळ्याकडे, गालांवर पाणी. बाकीची मुलं काठावर होती. पाण्यावर नवशाची टोपी होती.

माझा हात मी खाली केला होता की नाही, आठवत नाही.

पार पलीकडच्या काठाला, वाऱ्याच्या उलट बाजूला म्हशी धुणाऱ्या वाडीतल्या अंबाजीनं उडी घेऊन त्याला काढलं. उपयोग झाला नाही.

जमादारांनी विचारलं, कोणी आरडाओरडा केला? मी म्हटलं, नाही, कोणीही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, कारण तेच खरं आहे. बायानं पदर ओढला हे सांगितलं, ती काही बोलली नाही हेही सांगितलं. तिला आवरायला हात मीच वर केला होता, तेही सांगितलं. पण जमादार म्हणाले, "मुलगी बोललीच नाही तर तुम्हाला काय कळणार?" आणि ते लिहिलं नाही. शेवटी मी सही केली.

बाकीची मुलं फार लहान म्हणून एकट्या बायाला बोलावून विचारलं. तिनं मान हलवून हो म्हटलं, आपण ओरडलो असं ती म्हणते, हे जमादारांनीच मला सांगितलं. जमादार भागूबाईंना म्हणाले, "शिकलेली बाई खोटं सांगेल का? पोरगी घाबरून गप्प राहिली, नि आता सारवासारव करतेय."

भागूबाईंनी तिथेच तिच्या तोंडात मारली.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्ग बंद. तिळगूळ घेऊन कोणी आलं नाही. दत्तोबांकडे गेले नाही. सुई नको वाटते.

२० जानेवारी

वर्ग पुन्हा सुरू केला. सात मुलं आली, सगळी क्वार्टर्समधली. वाडीतलं एकही नाही. इंदिराबाई दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात. दुपारी मला म्हणाल्या, "त्या मुलीनं हाक मारली असती तर वाचला असता. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्यांना हे दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा माझं लक्ष नव्हतं.

२५ जानेवारी

वाडीतली अंबूबाई आता भांड्यांना येते. तिला भागूबाईंचं विचारलं. ती माझ्यासमोर उभी राहून बोलली, तरी अर्धंच समजलं. तोंडात तंबाखू असते तिच्या. पुन्हा विचारल्यावर मोठ्यानं म्हणाली, "भागी पोरीसंगं बोलत न्हाई. जेवाया वाडती पर बोलत न्हाई. म्हंती, त्वांड हुतं तर उगाडली का न्हाई, भाऊ बुडताना बगत हुबी ऱ्हायली. आन पोरगी बी आता मुकीच."

मी खरं तेच सांगितलं होतं. खरं सांगितल्याचं असं का व्हावं?

२७ जानेवारी

वर्ग सुटल्यावर शालू मागे राहिली. तिनं पाटीवर लिहून आणलं होतं. मोठी मोठी, वाकडी अक्षरं. 'आम्ही सगळे फोर्ते म्हणालो. खूप वेळा.'

मला आधी राग आला. एवढ्याशा मुलीनं खोटं लिहावं? मी म्हटलं, शालू, अण्णांच्या वस्तूवर हात ठेवून सांग. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून नादकाटा काढला. तिच्या हातात देण्याआधी सवयीनं गुडघ्यावर आपटला नि कानाशी धरला. काही नाही. पुन्हा आपटला. काही नाही. तुटलाच शेवटी, असं वाटलं.

शालूनं हात पुढे केला. मी पुन्हा आपटून तिच्या कानाशी धरला, म्हटलं, ऐक, वाजतोय का? तिनं डोळे मिटले. चेहरा शांत झाला. मी सांगितलं, थांबला की बोट वर कर. आणि मोजायला लागले, मनातल्या मनात. दहा. वीस. वाटलं, ती आता बोट वर करील. तीस. तिच्या पापण्या हलत होत्या, ऐकताना मुलांच्या हलतात तशा. चाळीस. बेचाळिसाला तिनं बोट वर केलं.

काटा जसा होता तसाच आहे.

मग मी खिडकीशी गेले. सदाफुलीवर एक चिमणी चोच उघडत होती, मिटत होती. किरकिर तर चालूच होती. जानेवारी संपत आला. रातकिडे दसऱ्यालाच बंद होतात.

शालू जाईना. माझा पदर धरून उभी होती. तिला विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? तिनं खडूकडे बोट केलं. मग पायांकडे. बायाचे वाळे.

२९ जानेवारी

तळेगावच्या डॉक्टरांकडे गेले. ही वहीच पुढे ठेवली. त्यांनी सप्टेंबरपर्यंत वाचलं, मग पुढची इंजेक्शनं मोजली, पेन्सिलनं एकेका आकड्यावर टिंब देत. नव्वदनंतर पंचेचाळीस. मग कागदावर लिहिलं की औषधाचाच परिणाम, कानांची शीर गेली, परत येणार नाही, आणखी थोडं उतरेल. विचारलं होतं तेव्हा का सांगितलं नाही, असं लिहून त्यांनी ते खोडलं. त्याखाली लिहिलं, छाती साफ आहे.

मी विचारलं, नवशाचा ऑक्टोबरातला खोकला माझ्यामुळे होता का? त्यांनी मान हलवली. नाही. डांग्या, वाडीभर होता ना? मग नाही.

१ फेब्रुवारी

इंदिराबाईंना सगळं सांगितलं. दुखणं, सुई, कान. त्या बराच वेळ बोलल्या. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी लिहिलं, 'हे बाहेर कशाला सांगतेस? तू गप्प राहिलीस तर प्रकरण मिटलेलं आहे.' मग तो कागद त्यांनी माझ्या हातून परत घेतला.

तिथूनच चौकीवर गेले. जमादारांना म्हटलं, माझा जबाब चुकीचा आहे, मुलगी ओरडली होती, बदलून घ्या. त्यांनी डोक्याजवळ बोट फिरवलं, माझ्याकडे बघून की शिपायाकडे बघून ते कळलं नाही. मी हटले नाही तेव्हा वहीच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं. 'पंचनामा वर गेला. आता काही होणार नाही.'

म्हणजे सरकारी कागदावर बाया कायमची गप्पच राहणार.

२ फेब्रुवारी

सकाळी ९८.४.

दुपारी वाडीवर गेले. चढण तासाभराची, मला दोन तास लागले. पाय कुठे पडतो ते बघूनच टाकावा लागतो. एकदा बसून चढले.

भागूबाई कुडाच्या भिंतीला शेण लावत होत्या. बाया ओट्याशी कारवीच्या काठ्या मोळीला बांधत होती. मला पाहून दोघींचे हात थांबले. पाणी कोणी विचारलं नाही.

वाटेत पाठ केलं होतं तसं सगळं सांगितलं. माझा आवाज केवढा लागत होता ते मला माहीत नाही. शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या, म्हणजे मोठाच असेल. म्हटलं, "भागूबाई, बाया ओरडली होती. सगळी मुलं ओरडली होती. मी बहिरी आहे, आणि मला ते माहीत नव्हतं. बायानं येऊन मला ओढलं. मीच हात वर करून तिला थांबवलं. ती तुमच्या मुलाला बघत उभी राहिली नाही. मी तिला उभी केली. जमादारापुढे मी सांगितलं ते खोटं होतं."

भागूबाई उठल्या. हातांचं शेण तसंच. त्या बोलायला लागल्या. खूप वेळ बोलल्या. आधी माझ्याकडे बघून, मग डोंगराखाली तळ्याकडे बघून, मग बायाकडे बघून. चेहरा रागाचा होता की कशाचा, मला ओळखता आलं नाही. मध्ये एकदा शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. शेवटी भागूबाईंनी बायाच्या डोक्यावर कोपर टेकलं, हात शेणाचे म्हणून, नि आत गेल्या.

शिव्या दिल्या असतील तर त्या ऐकणं माझं काम होतं. दुसरं काही बोलल्या असतील तर तेही. मी बायाला म्हटलं, "आई काय म्हणाली? मला खुणेनं सांग. आपल्या खुणा आहेत ना."

बायानं माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात वर केला, पंजा उघडा, मी करत असे तस्साच.

मी होते तिथे थांबले. आधार नसला की मला तोल राहत नाही, म्हणून डोळे तिच्या हातावर ठेवले. शेजारच्या बायका निघून गेल्या. मोळी तशीच पडली होती. ऊन अंगणातून निघून खालच्या खाचरांत उतरलं, तिथून समोरच्या डोंगरावर चढलं. तिचा हात जड होऊन झुकायला लागला. तिनं तो डाव्या हातानं कोपराशी धरून वर ठेवला. खाली केला नाही.

मी हलले नाही.

संध्याकाळचा ताप घ्यायचा राहिला.